सही झाली, लेक्चर झालं?

आपल्या एम.टेक.च्या सीनियर्सना शनिवारी दुपारचं गेस्ट लेक्चर कंपल्सरी झालंय. विषय कुठलाही असो, ७५ टक्के हजेरी हवीच, नाहीतर टर्म ग्रँट होणार नाही.

बरं, ही मंडळी काही रिकामी बसलेली नाहीत. गेट देऊन आलेल्यांना एआयसीटीईचे महिना १२,४०० रुपये मिळतात, पण त्याबदल्यात आठवड्याला ८ ते १० तास आमची प्रॅक्टिकल्स घ्यायची, जर्नल्स तपासायची. वर स्वतःचं डिझर्टेशन आहेच. मग हॉलमध्ये काय दिसतं? पुढच्या दोन रांगा ऐकतात, मागे आमच्याच जर्नल्सचा गठ्ठा तपासला जातो आणि हजेरीचा कागद आला की एकाच पेनाने चार-चार सह्या होतात. लांबून आलेल्या पाहुण्यांना हे दिसत नसेल?

सर म्हणतात, सक्ती काढली तर हॉल रिकामा राहील. राहू दे की! एनएसएसमध्येही दोन वर्षांत २४० तास भरावे लागतात, पण तिथे नाव आपण स्वतः दिलेलं असतं. इथेही टर्मच्या सुरुवातीला दहा विषयांची यादी लावा, त्यातले कुठलेही चार निवडू द्या. वीसच जण आले तर खुर्च्या गोल मांडू. माइकसुद्धा लागणार नाही.