सांडपाणी जमेच्या बाजूला लिहा
(ग्रामपंचायत धाड यांस खुले पत्र)

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत धाड, ता. जि. बुलढाणा



नालीसफाई आणि कचरा उचलणे हे दोन विषय कुठल्याही ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात कायम खर्चाच्या बाजूला असतात. पैसा लावायचा, घाण गावाबाहेर काढायची आणि पुढच्या वर्षी त्याच कामाला पुन्हा तेवढाच पैसा ठेवायचा. येत्या वर्षी धाडने हा हिशेब नव्याने मांडावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. गावातून बाहेर पडणारे सांडपाणी आणि कचरा ही गावाची मालमत्ता आहे, असे धरून तो मांडावा.

मी मिरची पिकवतो. मार्च उजाडला की विहिरीवरची मोटर किती तास चालेल यावर आमची सगळी गणिते ठरतात, आणि शेणखताच्या एका ट्रॉलीसाठी चार गावांत निरोप धाडावे लागतात. ज्या दोन गोष्टींसाठी शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो त्याच दोन गोष्टी गाव रोज बाहेर टाकते. हे पाहवत नाही, म्हणून लिहितो.

आधी पाणी. जलजीवन मिशनचे माप माणशी रोज 55 लिटर आहे. त्यातले पिण्यात आणि स्वयंपाकात थोडेच जाते. अंघोळ, धुणे आणि भांडी यांचे मिळून साधारण दोन तृतीयांश पाणी मोरीतून बाहेर पडते. हजार माणसे धरली तर 55 हजार लिटर पाणी घरात येते आणि त्यातले 36 हजारांच्या आसपास नालीला लागते. म्हणजे 12 हजार लिटरचे तीन टँकर झाले, तेही रोज, पावसाळा असो की दुष्काळ. आता हेच वावरात मोजून पाहा. एका एकराला 5 मिलिमीटर पाणी द्यायचे तर सुमारे 20 हजार लिटर लागतात, आणि ऐन उन्हाळ्यात पिकाची रोजची तहान तेवढी तरी असतेच. वाटेतली गळती, वाफ सगळी वजा केली तरी हजार माणसांच्या सांडपाण्यावर एकरभर चारा उन्हाळाभर हिरवा राहू शकतो. धाडची लोकसंख्या हजाराच्या किती पट आहे ते आपल्या दप्तरात आहे. गुणाकार आपण करावा.

हे पाणी विकलेही जाते, आणि तेही आपल्याच विदर्भात. नागपूर महापालिकेने 2008 साली महानिर्मिती या वीज कंपनीशी करार केला. त्यानुसार भांडेवाडीला शहराचे सांडपाणी शुद्ध होते आणि कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते. त्यापोटी महापालिकेला वर्षाला सुमारे 15 कोटी रुपये मिळावेत असे ठरले होते. त्यातला पैसा मोठा आहेच, पण मला त्याहून मोठे वाटते ते पेंचचे पाणी. वीज केंद्राला थंड व्हायला लागणारे पाणी सांडपाण्यातून भागले, म्हणून पेंच धरणातले तेवढे पाणी पिण्यासाठी मोकळे झाले. ठिबक ज्या इस्रायलमधून जगभर गेली तिथे तर शहरांच्या सांडपाण्याचा बहुतांश भाग शुद्ध होऊन शेतीलाच जातो. धाडला वीज केंद्र नाही आणि नागपूरसारखा प्रकल्प आपल्याला पेलणारही नाही, पण त्यामागचा विचार आपल्याला लागू आहे. झाडे जगवणे, बांधकामावर पाणी मारणे, रस्त्यावरची धूळ बसवणे, चारा पिकवणे यातल्या कुठल्याही कामाला नळाचे पिण्याचे पाणी लागत नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना, कारण या कामात घाई झाली की काम बदनाम होते. शोषखड्ड्याचेच उदाहरण घ्या. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेतले, उघड्या नाल्या संपवल्या आणि डासांचा बंदोबस्त केला. तो नमुना पुढे नांदेड पॅटर्न म्हणून गाजला आणि गावोगावी उचलला गेला. खड्डा साधा असतो. चार फूट लांब, तेवढाच रुंद आणि खोल. तळाशी मोठे दगड, त्यावर लहान, मधोमध भोके पाडलेली सिमेंटची टाकी आणि त्या टाकीत मोरीचा पाइप. भाताची शिते, केस, भांड्यांची राख टाकीच्या बुडाशी साचते आणि पाणी भोकांतून बाजूला झिरपते. झाकण उचलून तो गाळ अधूनमधून काढला नाही, तर खड्डा तुंबतो आणि घरातली माणसे पुन्हा नालीत पाइप सोडतात. मुरमात हा खड्डा उत्तम चालतो, मात्र काळ्या चिकण मातीत पाणी जिरायला फार वेळ लागतो. आपल्या गावात दोन्ही प्रकारची जमीन आहे. म्हणून एकच नकाशा घेऊन सगळ्या गल्ल्यांत सारखे खड्डे खोदू नयेत. जिथे मुरूम लागतो तिथे शोषखड्डा, आणि जिथे काळी माती आहे तिथे नाली एकत्र आणून गाळ बसवणारी टाकी आणि पुढे कर्दळीचा वाफा. खड्डा पिण्याच्या विहिरीपासून आणि बोअरपासून लांब हवा. शौचालयाच्या टाकीचे पाणी या नालीत येताच कामा नये, नाहीतर वापरायचे पाणी रोगाचे पाणी होते. शिवाय साबण-सोड्याचे पाणी वर्षानुवर्षे एकाच काळ्या वावरात सोडले तर जमीन चोपण होते. म्हणून ते पाणी आलटून-पालटून द्यावे, झाडांना आणि चाऱ्याला द्यावे. कोथिंबीर-पालकासारख्या कच्च्या खाण्याच्या भाजीला कधीही देऊ नये.

पैशाचे काय, हा प्रश्न सभेत पहिला येईल. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात, 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत, 5 हजारांहून जास्त वस्तीच्या गावासाठी सांडपाण्याला माणशी 660 रुपये आणि घनकचऱ्याला माणशी 45 रुपये अशी तरतूद होती. म्हणजे हजार माणसांमागे सांडपाण्याचे 6 लाख 60 हजार. 15व्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांसाठी पंचायतींच्या निधीतला 60 टक्के वाटा बंधित ठेवला. त्यातला निम्मा स्वच्छतेला आणि निम्मा पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे आणि पाण्याचा पुनर्वापर यांना. पुनर्वापर हा विषय दिल्लीच्या कागदावर नावानिशी आलेला आहे. त्या बंधित निधीतून धाडमध्ये पुनर्वापराच्या नावाने किती कामे घेतली गेली आणि पुढच्या आराखड्यात किती धरता येतील, हे आपण ग्रामसभेत वाचून दाखवावे. जे झाले नाही त्याबद्दल मला कोणाला धारेवर धरायचे नाही. आकडे समोर आले की गावाला आपोआप कळेल काय शक्य आहे.

आता कचरा. याबाबत मला जे समजले ते वावरातूनच समजले. ठिबकची जुनी नळी आणि बेडवर अंथरायचा मल्चिंग पेपर, दोन्ही प्लास्टिकच. ठिबकची नळी फुटली, चोंदली, तरी कोणी फेकत नाही. गुंडाळून ठेवतात, भंगारवाला येतो, वजन होते, पैसे मिळतात. त्याच वावरातला मल्चिंग पेपर मात्र मिरची निघाल्यावर धुऱ्यावर पडून राहतो आणि एखाद्या संध्याकाळी काडी लागते. धूर गावभर. फरक एवढाच की नळी जाड आहे, झटकली की स्वच्छ होते. पेपर पातळ आहे, त्याला माती, मुळ्या आणि मिरचीचे देठ चिकटलेले असतात. भंगारवाल्याला तो परवडत नाही, कारण त्याने तो घेतला तर तो मातीच्या वजनाचे पैसे मोजतो. साऱ्या कचऱ्याचे अर्थशास्त्र इथे येऊन थांबते: वेगळा आणि कोरडा ठेवला तर तो माल असतो, एकमेकांत मिसळला की त्याला कोणी विचारत नाही.

आणि हा माल थोडाथोडका नाही. चार फुटी पेपर, पाच फुटांवर बेड, 25 ते 30 मायक्रॉन जाडी असा हिशेब केला तर एकराला 70 ते 90 किलो प्लास्टिक जमिनीवर अंथरले जाते. दहा एकरांमागे सात ते नऊ क्विंटल. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारापासून धाडपर्यंतचा सारा पट्टा मिरचीचा, तेव्हा पूर्ण शिवारात दर हंगामाला किती टन होत असेल याचा अंदाज यावा. जे जळत नाही त्याचे रोटाव्हेटर तुकडे करतो, आणि ते तुकडे मातीतून वेचून काढणे पुढे कुणालाच जमत नाही.

याला उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. मिरची उपटल्यावर, जमीन कोरडी असताना, रोटाव्हेटर घालायच्या आधी पेपर काढायचा, झटकायचा, गुंडाळायचा. हे काम शेतकऱ्याचे. पंचायतीने हंगामाच्या शेवटी दोन-तीन दिवस जाहीर करावेत, एक पत्र्याची शेड द्यावी, वजनकाटा ठेवावा आणि सारा पेपर एकगठ्ठा विकावा. एका शेतकऱ्याच्या पन्नास किलोसाठी कारखाना गाडी पाठवत नाही, पण अख्ख्या गावाच्या मालाला गिऱ्हाईक मिळू शकते. स्वच्छ भारत मिशनच्या त्याच सूचनांत तालुक्याला एक प्लास्टिक व्यवस्थापन केंद्र आणि त्यासाठी 16 लाखांपर्यंतची मदत धरलेली होती. आपल्या तालुक्याच्या केंद्राकडे मल्चिंग पेपर घेण्याची मागणी पंचायतीने लेखी करावी, ही माझी ठाम विनंती आहे.

भंगारवाल्यांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आपण जिल्ह्याच्या हद्दीवर आहोत. पलीकडे जालना, आणि जालन्याच्या भट्ट्या चालतात त्या भंगार लोखंडावर. तिथे ते वितळते, त्याची सळई होते आणि ती सळई पुन्हा आपल्याच गावातल्या स्लॅबमध्ये येते. खाणीतल्या दगडापासून पोलाद करायला जेवढी ऊर्जा लागते तिच्या निम्म्यापेक्षा कमी ऊर्जेत भंगारातून पोलाद होते. ॲल्युमिनियमची तर 95 टक्के ऊर्जा वाचते. ही सगळी साखळी सुरू होते ती सायकलवर किंवा हातगाडीवर गल्लीत ओरडत जाणाऱ्या माणसापासून. गावाचे लोखंड, पत्रा, पुठ्ठा, बाटल्या पंचायतीचा एक रुपयाही न घेता तो बाहेर नेतो. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, कचरा वेचणाऱ्यांना ओळखपत्रे मिळाली, पुढे त्यांच्याच सहकारी संस्थेकडे घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम आले. धाडने आपल्या भंगारवाल्यांची आणि कचरा वेचणाऱ्या बायांची नोंद करावी, त्यांना माल वेगळा करायला सावलीची जागा द्यावी, हातमोजे द्यावेत. सुक्या कचऱ्याचा ठेका परगावच्या माणसाला देऊन त्यांच्या पोटावर पाय देऊ नये.

आठवडी बाजार उठल्यावर जे उरते त्याची सोय तर सगळ्यात सोपी. कोबीची पाने, सडके टमाटे, कांद्याची फोलपटे, मिरचीचे देठ, मेथीच्या जुड्या. हे सारे शंभर टक्के खत आहे, फक्त त्यात कॅरीबॅग मिसळू नये. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी शोधलेली नाडेप टाकी विदर्भातल्या शेतकऱ्याला नवीन नाही. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, विटांमध्ये हवेसाठी भोके. पालापाचोळा, शेणकाला आणि माती यांचे थर, वरून लिंपण, आणि तीन-चार महिन्यांत खत. बाजाराच्या कडेला अशा टाक्यांची रांग उभी करावी, बाजाराची वसुली घेणाऱ्यावरच ओला कचरा टाकीत टाकण्याची जबाबदारी द्यावी आणि तयार खताचा लिलाव करावा. बोली लावायला मी येईन, माझ्यासारखे बरेच येतील.

मोठी यंत्रे घेऊ नयेत, असे मात्र स्पष्ट सांगतो. कचरा जाळायची किंवा झटपट खत करायची महागडी यंत्रे गावाच्या विजेच्या बिलावर आणि दुरुस्तीवर जगतात. वेंगुर्ला नगरपरिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात जे केले त्याची सुरुवात घरातच कचरा वेगळा करण्यापासून झाली. बायोगॅस, प्लास्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात वापरणे हे सगळे त्यानंतर. तिथला कचरा डेपो पुढे लोक पाहायला जाऊ लागले. मात्र घरोघर कचरा वेगळा व्हायचा तर लोकांना त्यात फायदा दिसावा लागतो. संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात भास्करराव पेरे पाटलांनी कर भरणाऱ्याला दळण मोफत दिले, तेव्हा कर वसूल व्हायला लागला. धाडमध्ये कचरा वेगळा देणाऱ्या घराला नाडेप खताची एक गोणी द्यावी. लोकांना उपदेश नको असतो, हिशेब पटतो.

आणि बुलढाणा जिल्ह्याला हे शिकवायला बाहेरचे कोणी यायला नको. तलावांत आणि नाल्यांत साचलेला गाळ-मुरूम महामार्गाच्या भरावाला वापरला, रस्त्याला भराव मिळाला आणि तलावांना खोली मिळाली. देशभर हे काम बुलढाणा पॅटर्न म्हणून ओळखले जाते. 2018 मध्ये भारतीय जैन संघटनेच्या यंत्रांनी जिल्ह्यात गाळ काढला आणि शेतकऱ्यांनी तो स्वतःच्या खर्चाने वावरात नेऊन पसरवला. तोवर तो गाळ धरणाचे दुखणे होता. वावराच्या कामाचा ठरल्यावर त्याच गाळासाठी शेतकऱ्यांनी ट्रॉल्या रांगेत लावल्या.

म्हणून विनंती अशी. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर "सांडपाणी व कचरा: जमा-खर्च" असा स्वतंत्र विषय घ्यावा. त्याआधी नाल्यांची तोंडे कुठे-कुठे उघडतात, कोणत्या गल्लीत मुरूम आहे आणि कोणत्या गल्लीत काळी माती, याचा नकाशा गावातल्या पोरांकडून काढून घ्यावा. एक गल्ली, एक आठवडी बाजार आणि एका हंगामाचा मल्चिंग पेपर, एवढ्यावर पहिले वर्ष काढावे. किती लिटर पाणी वापरात आले, किती क्विंटल खत विकले गेले, किती किलो प्लास्टिक गेले आणि काय भाव मिळाला, हे पंचायतीच्या फलकावर दर महिन्याला लिहावे. पेपर गोळा करण्याच्या दिवशी माझ्या आणि माझ्या धुऱ्याला लागून असलेल्या दोघांच्या वावरातला माल झटकून, गुंडाळून मी माझ्या ट्रॅक्टरने शेडवर आणून देईन. भाडे घेणार नाही. तारीख तेवढी आपण कळवावी.

आपला,
धाड शिवारातला एक मिरची उत्पादक