उजवीकडे वळताना



परवा दर्शनाला गेले होते. तिथं एकजण म्हणाली, "वहिनी, मी गाडी घेऊन येते, पण उजवीकडे वळत नाही हं!" राजारामपुरीतून निघायचं, डावीकडे वळत वळत दोन चौक जास्त फिरायचे, पण समोरच्या गाड्यांना आडवं म्हणून जायचं नाही. आम्ही सगळ्या हसलो. मग ती म्हणाली, "परीक्षेत तरी मला कुठं वळायला लावलं? एजंटानंच सगळं केलं." तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

मी स्वतः 58 व्या वर्षी परीक्षा दिली आणि पहिल्यांदा नापास झाले. उजवीकडे वळ म्हटल्यावर इंडिकेटर दिला आणि लगेच स्टिअरिंग फिरवलं. आरशात बघितलंच नाही. मागून उजव्या बाजूनं एक मोटारसायकल येत होती. साहेबांनी ब्रेक दाबायला लावला, म्हणून वाचलो. नापास झाल्यावर सात दिवसांनी पुन्हा परीक्षा देता येते. घरचे म्हणाले, "कशाला त्रास, एजंटाला सांगू." मी नको म्हटलं. ते सात दिवस रोज पहाटे कॉलनीतल्या रिकाम्या रस्त्यावर फक्त वळणं घेतली.

1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत या परीक्षेत काय बघायचं ते लिहिलेलं आहे. डावी-उजवी वळणं नीट घेता आली पाहिजेत आणि इशारा देण्याआधी आरशात बघितलं पाहिजे. म्हणजे आधी आरसा, मग इंडिकेटर, मग वेग कमी, मग वळण. डावीकडे जायचं तर आधीपासून डाव्या कडेला राहायचं आणि आत सायकल किंवा स्कूटर शिरली नाही ना, ते बघायचं. वळताना मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आतून जातं, म्हणून कोपरा कापायचा नाही. उजवीकडे जायचं तर रस्त्याच्या मध्याजवळ यायचं, समोरच्यांना जाऊ द्यायचं आणि नव्या रस्त्यात आपल्या डाव्या बाजूलाच शिरायचं. आपल्या दाभोळकर कॉर्नरला गर्दीच्या वेळी उभं राहून बघा, हे किती जण करतात ते कळेल.

आता धर्माचं बोलते. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आहे. बेसावधपणानं जीव जातो, ती हिंसा. मुनिमहाराज ईर्यासमिती पाळतात, चार हात जमीन बघून पाऊल टाकतात. आपण श्रावक, आपली व्रतं लहान. पण हजार किलोची गाडी हातात घेतल्यावर आपली नजर चार हातांवर थांबून कसं चालेल? आपण पाणी गाळतो, रात्री जेवत नाही, आणि आरशात न बघता वळतो, हे मला पटत नाही. चातुर्मास संपला की महाराजांचा विहार पहाटे रस्त्याच्या कडेनंच चाललेला असतो, हे तरी लक्षात ठेवूया.

एजंटाचं म्हणाल, तर मी कॉमर्सची. बिल नसताना व्हाउचर पास करणं याला आम्ही एकच शब्द वापरायचो, खोटं. न वळता 'वळता येतं' असा कागद घेणं म्हणजे तेच. त्यात सत्यही गेलं आणि अहिंसाही.

कुणी म्हणेल, या वयात कशाला, मुलगा आहे की सोडायला. मुलगा नोकरीला पुण्याला असतो. रात्री यांच्या छातीत दुखलं, तर मी डावीकडून दोन चौक फिरत बसू का?

मागच्या महिन्यात मी एकटी कुंभोजच्या बाहुबलीला जाऊन आले. जाताना हातकणंगल्याला डावीकडे वळावं लागतं, ते सोपं. येताना तिथंच उजवीकडे. थांबले, आरसा बघितला, समोरचा ट्रक जाऊ दिला आणि वळले. मागचा हॉर्न वाजवत होता. वाजवू दे.

ज्यांचं लायसन्स एजंटानं आणलंय, त्यांनी रविवारी पहाटे या. आपण वळणं शिकूया.