अपघाताचे भाकीत आणि चालकाचे तास

अपघात हा दैवाचा खेळ नव्हे, हे संख्याशास्त्राने केव्हाच दाखवून दिले आहे. १९४९ साली स्मीड या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने केवळ लोकसंख्या व वाहनसंख्या यांवरून देशातील रस्त्यांवरील मृत्यूंचा अंदाज बांधणारे सूत्र मांडले. आता ही विद्या पुष्कळ पुढे गेली आहे. २०२१ साली नागपुरात 'आयरास्ते' हा प्रकल्प सुरू झाला. त्यात महापालिकेच्या बसगाड्यांवर टक्कर टाळण्यासाठी चालकाला इशारा देणारी यंत्रे बसविण्यात आली. असे इशारे जेथे वारंवार नोंदले जातात, ती ठिकाणे तेथे माणसे मरण्यापूर्वीच हेरता येतात.

याचे महत्त्व कमी लेखू नये. पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाले म्हणजे तो 'ब्लॅक स्पॉट', अशी केंद्र शासनाची व्याख्या आहे. म्हणजे आधी प्रेते मोजायची, मग रस्ता सुधारायचा! ज्या देशात २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली, तेथे भाकिताच्या या शास्त्राचे समाजवाद्यांनी स्वागतच केले पाहिजे.

प्रश्न आहे तो भाकितासाठी कोणती माहिती घ्यायची हा. यंत्र गाडीचा वेग मोजते, ब्रेक मोजते, चालकाच्या पापण्याही मोजते. परंतु तो किती तास सलग गाडी हाकीत आहे, त्याला मजुरी खेपेवर मिळते की महिन्यावर, माल उशिरा पोचल्यास दंड कोणाच्या पगारातून कापला जातो, हे पापणीवरून कळत नाही. ते मालकाच्या वहीत असते. सरकारी अहवालांत बहुसंख्य मृत्यूंचे कारण 'अतिवेग' असे नोंदलेले असते. पण अतिवेग हे शेवटचे कारण झाले, पहिले नव्हे. पहिले कारण वगळून बांधलेले गणित शास्त्र म्हणूनही अपुरेच ठरते. शिवाय त्याचा निकाल ठरलेला असतो : दोषी चालक. जोखीम निर्माण करणारा एक आणि तिची किंमत मोजणारा दुसरा, हा अर्थव्यवहार आपल्या परिचयाचा आहे.

मोटार परिवहन कामगारांसाठी दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा १९६१ च्या कायद्यानेच घातली होती. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली रस्ता आखणाऱ्यांवरही अपघाताची जबाबदारी टाकणारे धोरण स्वीकारले. तेव्हा वाहतूक कामगारांत काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात. चालकाच्या कामाचे तास व वेतनपद्धती यांची नोंद या गणितात आलीच पाहिजे. यंत्राची माहिती मालकाइतकीच कामगार संघटनेलाही मिळाली पाहिजे, आणि केवळ तिच्या आधारे कोणाचीही नोकरी जाता कामा नये. धोक्याची ठिकाणे जाहीर करून त्यांच्या दुरुस्तीची मुदत शासनाने बांधून घेतली पाहिजे.

झोप आलेल्या चालकाला यंत्र क्षणभर जागे करील. त्याला झोपेचा हक्क मात्र संघटनाच मिळवून देऊ शकेल.