श्रद्धेला दुधाचेच दात का?

आमच्या ख्रिस्ती समाजात एक समजूत फार घट्ट बसली आहे. श्रद्धा ही एकदाच शिकायची गोष्ट आहे, अशी ती समजूत. लहानपणी शब्बाथ शाळेत जावे, दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना पाठ करावी, पंधराव्या-सोळाव्या वर्षी पाळकासमोर चार प्रश्नांची उत्तरे द्यावी आणि दृढीकरण झाले की पुस्तक मिटावे. पुढे चाळीस वर्षे माणूस उपासनेला जातो, वर्गणी देतो, नाताळात करंज्या वाटतो. पण देवाविषयीची त्याची समज मात्र सोळाव्या वर्षीच थांबलेली असते. केस पिकतात, नातवंडे होतात; श्रद्धेचे दुधाचे दात काही पडत नाहीत. या समजुतीशी माझे भांडण आहे.

बहुतेक वाचकांना हा आमच्या घरातला तंटा वाटेल. पण मुंजीत घेतलेली गायत्री चार महिन्यांत सुटली, असे सांगणारे सज्जन मला पुष्कळ भेटले आहेत. तेव्हा हे दुखणे एकट्या आमच्या आळीचे नाही.

हे बोललो की लगेच उत्तर येते, "विश्वासाला अभ्यास कशाला? भोळा भाव पुरे. बालकांसारखे व्हा, असे प्रभूनेच नाही का सांगितले?" सांगितले खरे. पण ज्याच्या घरात मूल आहे त्याला बालक म्हणजे काय हे ठाऊक आहे. बालक दिवसभर 'का' विचारते आणि उत्तर पटले नाही तर पुन्हा विचारते. खुद्द येशू बारा वर्षांचा असताना यरुशलेमच्या मंदिरात गुरूंच्या मध्ये बसून प्रश्न विचारीत होता. आणि तो शरीराने वाढला तसा ज्ञानानेही वाढत गेला, असे लूक लिहितो. प्रभूला वाढावे लागले, आणि आम्ही मात्र सोळाव्या वर्षीच पूर्ण झालो!

प्रार्थनेचेही तेच. ती आपोआप येते, असे आम्ही धरून चालतो. शिष्य तर जन्माचे यहूदी होते, प्रार्थना त्यांच्या कानांवर पाळण्यापासून पडत आलेल्या. तरी त्या दाढीमिशा आलेल्या पुरुषांनी येशूला विनविले की आम्हांला प्रार्थना करायला शिकवा. आम्हांला त्याची गरज वाटत नाही. नोकरी, लग्न, दुखणे, परीक्षा अशी सामानाची यादी आम्ही देवापुढे वाचतो आणि आमेन म्हणून उठतो.

यात कोणाचे काय बिघडते? बिघडते, आणि वाईट बिघडते. आमच्या मंडळीत एका तरुण आईचे तान्हे मूल गेले. तिसऱ्या दिवशी एक वडीलजन तिला भेटायला आले आणि म्हणाले, "बाई, तुमचा विश्वास कुठे तरी कमी पडला." माणूस दुष्ट नव्हे, पहाटे उठून प्रार्थना करणारा. पण ईयोबाचे पुस्तक त्यांनी कधी नीट वाचलेले नसावे. दहा मुले गमावलेल्या ईयोबाला त्याच्या मित्रांनी हाच उपदेश केला होता, आणि शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी कितीतरी केवळ आक्रोश आहेत, देवाला जाब विचारणाऱ्या प्रार्थना आहेत. त्यांतले एखादे तिच्याजवळ बसून वाचले असते, तर त्या बाईला रडायला देवाचे घर तरी उरले असते. अडाणी भक्तीने दिलेली जखम अशी असते.

आता दुसऱ्या तटाकडे वळतो. आमच्यांत विद्वानही आहेत. त्यांना शास्त्रातल्या कोणत्या ग्रंथाचा कोणता थर कोणत्या काळातला, हे तोंडपाठ असते. गुडघे मात्र कधी टेकत नाहीत. पहिल्यांची प्रार्थना आंधळी, तर यांची विद्या कोरडी. आणि दोघेही साक्ष काढतात ती पंडिता रमाबाईंची. प्रार्थनावाले 1905 साली केडगावच्या मुक्ती मिशनात आलेल्या आध्यात्मिक जागृतीची गोष्ट रंगवून सांगतात. विद्यावाले तिच्या पांडित्याचा गौरव करतात. प्रत्येकाने अर्धी बाई घेतली आहे.

मला पुरी रमाबाई हवी. 1883 साली इंग्लंडात तिने बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या भगिनींशी त्रैक्याच्या सिद्धान्तावर पत्रांतून वाद मांडला. मनाला पटल्याखेरीज मान डोलवायची नाही, हा तिचा बाणा. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळायचा राहिला होता, हे बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी तिने स्वतःच ओळखले. संस्कृतात पारंगत असलेली ही बाई प्रौढ वयात हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसली. कशासाठी? तर साध्यासुध्या बायकांना कळेल असे बायबल मराठीत आणण्यासाठी. अनाथ मुली, दुष्काळातून आलेल्या विधवा, छापखाना, शेती हा पसारा सांभाळून वर्षानुवर्षे ते काम चालले. 1921 साली मुलगी मनोरमा गेली. काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारली तेव्हा ते काम हातावेगळे झाले होते, आणि 1924 साली ते बायबल प्रसिद्ध झाले. तिच्या टेबलावर व्याकरण होते आणि त्याच टेबलाशी ती प्रार्थना करीत होती. या दोहोंत भांडण आहे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते!

"पण आम्ही काही पंडिता नव्हे. दिवसभर राबणाऱ्याला अभ्यासाला सवड कुठली?" हा आक्षेप खरा आहे आणि त्याला मी मान देतो. त्याचे उत्तर लक्ष्मीबाई टिळक. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. नवरा 1895 साली ख्रिस्ती झाला म्हणून ती त्याच्यामागे फरपटत गेली नाही. पाच वर्षे तिने विचार केला आणि आपल्या पायांनी चालत आली. 1919 साली रेव्हरंड टिळक गेले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' या बाईने पुढे चालविले, साठांहून अधिक अध्याय रचले. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 साली निघाला, तेव्हा तिची साठी कधीच उलटली होती. सवड तिलाही कोणी ताटात वाढून दिली नव्हती.

माझे मागणे मोठे नाही. मुलांच्या शब्बाथ शाळेशेजारच्या खोलीत मोठ्यांची शाळा भरू द्या. आठवड्याला एकच अध्याय घ्या. कोणताही प्रश्न विचारायला मुभा असावी आणि "मला ठाऊक नाही" असे म्हणायची पाळकालाही मुभा असावी. शेवटी त्याच अध्यायातून निघालेली प्रार्थना व्हावी, सामानाची यादी नव्हे. दहाच माणसे आली तरी चालतील. पुढल्या वेळी कोणाचे मूल गेले, तर तिच्या दाराशी जाणाऱ्यांत निदान एकाने तरी ईयोब वाचलेला असेल.