भार कमी, वेग जास्त

‘भार’ हा शब्द आपल्या घरांत मराठीतही चालतो आणि कन्नडमध्येही. स्पोर्ट्स कारचे मर्म याच शब्दात आहे. मोठ्या इंजिनाचा जोर सरळ रस्त्यावर दिसतो. कमी केलेला भार मात्र वेग घेताना, ब्रेक लावताना आणि वळणावरही उपयोगी पडतो.

ब्रिटनच्या लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी हे ओळखले होते. त्यांच्या पश्चात १९९६ मध्ये आलेली लोटस एलिस पाहा. ॲल्युमिनियमचे भाग गोंदाने जोडलेला तिचा सांगाडा सुमारे ६८ किलोचा, तर सगळी गाडी सुमारे ७२५ किलोची. म्हणून ११८ हॉर्सपॉवरचे इंजिनही तिला पुरले.

पण हलकेपणालाही मर्यादा असते. १९७० मध्ये इटलीत मोंझा येथे सरावाच्या वेळी लोटसच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला आणि योहेन रिंट दगावले. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्यांना मरणोत्तर मिळाले.

म्हणून गाडीवेड्या मुलांना मी एवढेच सांगतो : आधी डिकीतले फालतू सामान काढा, जमल्यास चांगल्या प्रतीची हलकी चाके घ्या. ब्रेक, सीटबेल्ट आणि एअरबॅगला मात्र हात लावू नका. तो भार नव्हे, आधार आहे.