दारात हत्ती, पाण्यात यॉट

गेल्या गणपतीत सगळं सासर आमच्या गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये जमलं होतं. आरती झाली, मोदकांचं ताट रिकामं झालं आणि मुलं एका मोबाइलवर डोकी एकत्र करून बसली. कुठल्याशा अब्जाधीशाच्या यॉटचं रील चाललं होतं. पांढरीशुभ्र, पाच मजली बोट, वर हेलिकॉप्टर उतरायची जागा. पुतण्याने विचारलं, "काकू, ही केवढ्याला मिळत असेल?"

तुमच्याही घरात हाच प्रश्न आला असता. किंमत विचारायची आपल्याला सवयच असते. मी म्हटलं, "किंमत राहू दे. तिला वर्षभर पोसायला किती लागत असेल, ते शोध." मुलांना त्यात काही रस नव्हता. पण सोफ्यावर बसलेल्या माझ्या धाकट्या दिरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. त्याचं कारण खाली पार्किंगमध्ये उभं होतं. त्याच्याकडे नंतर येते, आधी यॉट.

यॉटच्या धंद्यात एक ढोबळ हिशोब सांगतात. बोटीच्या किमतीच्या साधारण 10 टक्के रक्कम दरवर्षी तिच्यावर खर्च होते. म्हणजे 100 कोटींची बोट असेल तर वर्षाला 10 कोटी, मग तुम्ही महिनाभर तिच्यावर राहा नाहीतर एकदाही पाऊल ठेवू नका. हा काही पाठ करायचा नियम नव्हे. बोट जुनी असेल, खूप फिरत असेल तर आकडा वर जातो. पण अंदाज बांधायला पुरतो.

एवढे पैसे जातात कुठे? पहिली गोष्ट म्हणजे मीठ. समुद्राचं पाणी आणि खारी हवा बोटीला चोवीस तास खात असते. म्हणून डेक आणि काचा रोज गोड्या पाण्याने धुवायच्या, पितळ आणि स्टील पुसत राहायचं, ठरावीक काळाने बोट पाण्याबाहेर काढून बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, नवा रंग द्यायचा. बोट नांगर टाकून नुसती उभी असली तरी आतला एसी, शीतगृह, दिवे यांच्यासाठी जनरेटर चालूच. म्हणजे न हलताही डिझेल जळतं. धक्क्यावर जागा घ्यायची तर भाडं, आणि ते बोटीच्या लांबीवर. विमा वेगळा. शिवाय दर पाच वर्षांनी मोठी तपासणी होते आणि त्या वेळी यंत्रं उघडावी लागतात. आमच्या सोसायटीच्या लिफ्टचं वार्षिक कंत्राट ठरवताना दोन तास वाद होतो, तर इथे काय होत असेल!

मुंबईत या सगळ्यात पाऊस मिसळा. पावसाळ्यात गेटवे ते मांडवा बोटी बंद असतात, हे तिकडच्या वाचकांना माहीतच आहे. हौशी लोकांच्या बोटीही तेव्हा पाण्याबाहेर काढून झाकून ठेवतात. कोळीवाड्यातही त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून डागडुजी आणि रंगरंगोटी चालते आणि नारळी पौर्णिमेला पूजा होते. फरक इतकाच की कोळ्याची होडी नंतर कमावायला जाते. यॉट भाड्याने देऊन थोडा खर्च भरून काढतात, पण बहुतेकदा थोडाच.

आणि बहुधा सर्वांत मोठा खर्च असतो माणसांचा. कप्तान, इंजिनिअर, खलाशी, आचारी, खोल्या आवरणारे. मालक नसला तरी ही माणसं बोटीवर असावीच लागतात, कारण बोट कुलूप लावून जाता येत नाही. त्यांचा पगार, जेवण, कपडे, सुट्टीला घरी जायचं विमानभाडं, सगळं मालकाकडे.

हा खर्च थांबला की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच देशाच्या नावाचं आहे. 'इंडियन एम्प्रेस' ही विजय मल्ल्यांची म्हणून जगाला माहीत असलेली यॉट. लांबी 95 मीटर, नेदरलँड्समध्ये 2000 साली बांधलेली, मल्ल्यांकडे आली 2006 मध्ये. मल्ल्या सहमालक असलेल्या फोर्स इंडिया संघाच्या गाड्या 2011 ते 2013 या काळात आपल्या ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर धावल्या. तुमच्यापैकी काही जण तिकीट काढून गेलेही असतील. तिकडे मोनॅकोच्या शर्यतीच्या वेळी याच बोटीवर पार्ट्या रंगायच्या.

ऑक्टोबर 2012 मध्ये किंगफिशर एअरलाइन्सची विमानं जमिनीवर आली. तोवर कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले होते. मार्च 2016 मध्ये मल्ल्या दिल्लीहून लंडनला गेले. बोट मात्र चालूच होती. मग सप्टेंबर 2017 पासून तिच्यावरच्या लोकांचेही पगार थकू लागले. 40 हून अधिक माणसं होती, त्यांत भारतीय, ब्रिटिश आणि पूर्व युरोपातलेही होते. मार्च 2018 मध्ये माल्टाच्या बंदरात बोट अडवण्यात आली, तेव्हा थकबाकी 10 लाख डॉलरच्या वर गेली होती.

आता वही घ्या. 10 लाख डॉलर, 40 माणसं, सहा महिने. एका माणसामागे महिन्याला साधारण 4,000 डॉलर निघतात. सगळ्यांची थकबाकी सारखी नव्हती, त्यामुळे हा आपला घरगुती भागाकार. पण त्याच्यावरून वर्षाचा नुसता पगार 20 लाख डॉलर होतो, म्हणजे तेव्हाच्या 65 रुपयांच्या भावाने 13 कोटी. डिझेलचा एक थेंब न जाळता.

या लोकांनी बोट अडवली कशी? समुद्रावरच्या कायद्यात खलाशाचा पगार हा थेट जहाजावर चढलेला बोजा मानतात. सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा चढतो ना, तसाच. मालक कुठे आहे, कोणत्या देशात बसला आहे, याला महत्त्व नाही. जहाज हाताशी आहे ना, मग तेच अडवायचं, विकायचं आणि आलेल्या पैशातून इतर बऱ्याच देणेकऱ्यांच्या आधी खलाशांचा पगार द्यायचा. शिवाय जानेवारी 2017 पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमामुळे, मालकाने पगार बुडवला तर चार महिन्यांपर्यंतची रक्कम विम्यातून मिळते. इंडियन एम्प्रेसवरच्या लोकांना त्यांच्या युनियनने या वाटेनेही पैसे मिळवून दिले. विमानात ट्रॉली ढकलणाऱ्या मुलींना असं विमान अडवता आलं नव्हतं.

बोटीचा लिलाव झाला. जून 2018 मध्ये 4 कोटी 35 लाख युरोंची बोली लागली, पण बोली लावणाऱ्याने पैसे भरलेच नाहीत. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या लिलावात ती 3 कोटी 50 लाख युरोंना गेली. तेव्हाच्या भावाने 280 ते 300 कोटी रुपये.

मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथे दिसते. नव्या मालकाला बोट पहिल्या बोलीपेक्षा 85 लाख युरोंनी स्वस्त पडली, म्हणून तिला डिझेल कमी लागणार आहे का? खलाशी कमी लागणार आहेत का? तुम्ही तिला कितीला घेतलंत, हे बोटीला ठाऊक नसतं. खर्च 95 मीटरचाच. म्हणून तो 10 टक्क्यांचा हिशोब लिलावाच्या किमतीवर केला तर फसवतो. ती आज नवी बांधायला किती पडेल, त्या किमतीवर करावा लागतो.

आणि आता आमच्या पार्किंगकडे या.

दिल्ली-एनसीआरमध्ये 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई झाल्यापासून इथल्या सेकंड हँड बाजारात महागड्या गाड्या विचित्र स्वस्त मिळू लागल्या. दोन वर्षांपूर्वी दिरांनी सात वर्षं वापरलेली एक जर्मन डिझेल गाडी घेतली. फोनवर आवाज आनंदाने फुटला होता. "वहिनी, 55 लाखांची गाडी 13 लाखांत!" पेढेही आले.

गाडीला अर्थातच ठाऊक नव्हतं की ती 13 लाखांची आहे. पहिल्याच पावसाळ्यात पुढची दोन्ही एअर सस्पेन्शन गेली, बिल 2 लाख 80 हजार. मग टायर. मग विमा. गुरुग्रामच्या गर्दीत ती चालवायला दिरांना भीती वाटायची, म्हणून 18,000 रुपयांवर बुलंदशहरचा एक मुलगा ड्रायव्हर ठेवला. 55 लाखांचे 10 टक्के धरले तर वर्षाला साडेपाच लाख होतात. जाऊबाईंनी नंतर पावत्या लावल्या, पहिल्या वर्षी जवळपास तेवढेच निघाले. पुतण्याच्या कॉलेजसाठी ठेवलेली एक एफडी त्यात मोडली, आणि हे घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

गणपतीच्या त्या संध्याकाळी मुलं झोपल्यावर दीर बाल्कनीत आले. म्हणाले, "वहिनी, ड्रायव्हरचे तीन महिन्यांचे द्यायचे राहिलेत. तो काही बोलत नाही. रोज येतो, गाडी पुसतो."

मी काय बोलणार? बँकेचा हप्ता चुकला असता तर बँकेने फोन करकरून जीव खाल्ला असता. टायरवाल्याने रोख घेतल्याशिवाय टायर दिला नसता. सर्वांत आधी थकला तो पगार, ज्याच्यासाठी कोणी दारात येऊन उभं राहणार नव्हतं. त्या मुलाला गाडी अडवता येण्यासारखा कायदा नव्हता. किल्ली मात्र रोज त्याच्याच हातात असायची.

तुम्हीही कधी अशी 'स्वस्त' वस्तू घ्यायला निघालात, मग ती गाडी असो, फार्महाऊस असो की स्विमिंग पूलवाल्या सोसायटीतला रीसेलचा मोठा फ्लॅट असो, तर विकणाऱ्याला गेल्या 12 महिन्यांच्या पावत्या मागा. किंमत तो आपणहून सांगतोच. पावत्या दाखवायला टाळाटाळ करू लागला, तर ते उत्तरच समजा. आणि त्या वस्तूमागे माणूस ठेवावा लागणार असेल, तर त्याचा सहा महिन्यांचा पगार आधी वेगळ्या खात्यात टाकता येतो का ते पाहा. माझे दीर म्हणतात, एवढं केलं असतं तर मी शोरूममधूनच परत आलो असतो.

गाडी नोव्हेंबरात गेली, 6 लाख 40 हजारांना. व्यवहाराच्या वेळी जाऊबाई स्वतः गेल्या होत्या. पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला, तसे त्यांनी तिथेच उभ्या उभ्या ड्रायव्हरच्या नंबरवर 90,000 रुपये पाठवले. तोवर पाच महिने झाले होते. मग दोघं मेट्रोने घरी आले.