अंगणातला सौना

परवा एका मित्राने ब्रेकिंग न्यूज दिली, "टेरेसवर सौना बसवतोय यार!" लाकडी खोली, तापलेले दगड, त्यावर पाणी टाकलं की वाफ आणि तापमान ८० ते १०० अंश. मी म्हटलं, ग्रेट! पण डोळ्यांपुढे आलं ते राळेगावचं आजोळ.

यवतमाळ जिल्ह्यातलं राळेगाव म्हणजे कापसाचा पट्टा. उन्हाळ्यात भाजून काढणारं हे गाव डिसेंबर-जानेवारीत मस्त गारठतं. पारा कधीकधी १० अंशांच्याही खाली! अशा पहाटे अंगणात आजीचा बंब पेटायचा. तांब्याचं पिंप, मधोमध जाळाची नळी, खाली राखेची जाळी, बाजूला तोटी. जळण म्हणजे पऱ्हाटी, कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं. तिचा जाळ भुर्रकन होतो, म्हणून मागोमाग गोवरी. मग न्हाणीत घंगाळभर कढत पाणी, विसण आणि वाफच वाफ. आणखी काय हवं?

बंबाचे नखरेही असतात बरं का. राख रोज काढायची, नाहीतर हवा कोंडते आणि नुसता धूर. विहिरीचं पाणी जड असेल तर आत क्षार साचतात आणि पाणी तापता तापत नाही. बाहेरून चिंच लावून घासलं की तांबं लखलखतं. आणि रिकामा बंब चुकूनही पेटवायचा नाही, सांध्यांचा डाख निघतो. आजीचा मंत्र एकच, "आंधी पानी, मंग इस्तो!"

दुसरा नियम ती बोलायची नाही, पाळायची. जाळ अंगणात, अंघोळ न्हाणीत. त्याचा अर्थ मला गेल्या हिवाळ्यात कळला. माझी रूममेट बाथरूममध्ये बेशुद्ध पडली. गॅस गीझर आतच, थंडी म्हणून खिडकी बंद. दार तोडलं, ती वाचली. डॉक्टर म्हणाले, कार्बन मोनॉक्साइड. ना रंग, ना वास. रक्तात ऑक्सिजनची जागा हा वायू बळकावतो आणि माणसाला ओरडायचीही सवड मिळत नाही.

गंमत म्हणजे फिनलंडवाल्यांनाही हे ठाऊक होतं. त्यांच्या जुन्या 'धुराच्या सौना'ला धुराडंच नसायचं. दगड तापले की विस्तव विझू द्यायचा, धूर बाहेर काढायचा, मगच माणसं आत. २०२० मध्ये युनेस्कोने त्यांची सौना संस्कृती वारसा यादीत घेतली. आपले बंब मात्र भंगारात तरी गेले, नाहीतर हॉटेलच्या लॉबीत शोभेला.

बंब परत आणा असं मी म्हणत नाही. फ्लॅटमध्ये पऱ्हाटी कुठे पेटवणार? पण आज घरी गेल्यावर एक काम नक्की करा. गॅस गीझर बाथरूममध्ये असेल तर तो बाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्या आणि तोवर वापरू नका. सौनाचं नंतर बघू.

मित्रालाही मी तेच विचारलं, "हवा कुठून येणार, कुठून जाणार?" तो म्हणाला, "एकदम आजीसारखी बोलतेस!"

थँक्यू.